बांधणारे आणि राखणारे

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकातील एक वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असते. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून घेतले, हे ते वाक्य. त्याच्या पाठोपाठ खुष्कीच्या व्यापारी मार्गांची अडचण येते, मग पोर्तुगीजांची गलबते येतात, आणि विद्यार्थी त्या नगरीला तिथेच सोडून कालिकतच्या किनाऱ्याला लागतो. या वाक्यात खोटे काही नाही. तरीही त्याने एका थोर नगरीवर अन्याय केला आहे, असे आम्हांस वाटते. एखादा गृहस्थ शंभर वर्षे जगला, तर तो कोणत्या दुखण्याने गेला एवढेच सांगून आपण थांबत नाही. इतकी वर्षे तो कशाच्या बळावर जगला, हेही विचारतो. सम्राट कॉन्स्टंटाइनने या नगरीची प्रतिष्ठापना केली ती ११ मे ३३० या दिवशी. तुर्कांनी ती घेतली २९ मे १४५३ रोजी. मधली अकराशे तेवीस वर्षे त्या एका वाक्यात कोठेच नाहीत.

या काळात नगरीवर अनेक वेढे पडले, भूकंप झाले, आगी लागल्या, दंगे उसळले. तरी ती उभी राहिली, आणि तिच्या काही वास्तू आजच्या इस्तंबूल शहरातही उभ्या आहेत. काही मात्र अशा नाहीशा झाल्या, की त्यांची जागा शोधण्यासाठी जमीन खणावी लागली. काय टिकले आणि काय गेले, याचा विचार करता आमचे मत असे झाले आहे, की वास्तू बांधणाऱ्याच्या वैभवाने टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिची डागडुजी करणाऱ्यांच्या हातांनी टिकते. कॉन्स्टँटिनोपलचे तट, तेथील चर्च आणि तेथील राजवाडे यांची साक्ष काढून हे मत वाचकांपुढे ठेवावे, असा आमचा मानस आहे.

प्रथम नगरीची जागा पाहू. युरोप खंडाचे एक टोक आशियाच्या समोर पाण्यात शिरले आहे. त्याच्या दक्षिणेस मार्मारा समुद्र, पूर्वेस बॉस्पोरसची सामुद्रधुनी आणि उत्तरेस ‘सुवर्णशृंग’ नावाची लांबट खाडी. तिन्ही बाजूंनी पाणी, आणि पश्चिमेस तेवढी मोकळी जमीन. काळ्या समुद्राचे धान्य आणि पूर्वेचा माल या दारावरून जाई. या साम्राज्याला आपला देश अपरिचित नव्हता. सहाव्या शतकात याच साम्राज्याच्या अलेक्झांड्रिया शहरातील कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘कॅलियाना’ या बंदराचा उल्लेख केला आहे, आणि अभ्यासक सामान्यतः ते आपले कल्याण मानतात. ज्या सम्राट जस्टिनियनच्या काळात हागिया सोफिया हे महान चर्च उभे राहिले, त्याच पिढीतील एका माणसाने कल्याणचे नाव ग्रीक भाषेत लिहून ठेवले, हे लक्षात घेतले म्हणजे ती नगरी वाटते तितकी परकी राहत नाही.

आता तट. पश्चिमेची मोकळी बाजू बंद करण्यासाठी ४१३ सालापर्यंत एक नवा प्रचंड तट उभा राहिला. त्यास सम्राट दुसरा थिओडोसियस याचे नाव आहे; परंतु तो त्या वेळी अवघा बारा वर्षांचा मुलगा होता. काम करवून घेतले ते त्याचा प्रधान अँथेमियस याने. तटाची रचना अशी, की बाहेरून येणाऱ्या शत्रूस आधी सुमारे २० मीटर रुंदीचा खंदक लागे, मग एक ठेंगणी भिंत, मग बुरुजांसह बाहेरचा तट, आणि त्याच्याही आत सुमारे १२ मीटर उंचीचा मुख्य तट. या आतल्या तटाला ९६ बुरूज होते. भिंतीत दगडांच्या थरांमध्ये विटांचे आडवे पट्टे घातलेले आहेत. मैलोगणती चाललेले ते पट्टे आजही दुरून ओळखू येतात.

परंतु तटाच्या उंचीहून आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो त्याच ४१३ सालचा एक कायदा. ज्यांच्या जमिनीतून हा तट गेला, त्यांना बुरुजांचा उपयोग करू द्यावा, मात्र त्या बुरुजांची दरवर्षीची डागडुजी त्यांनी आपल्या खर्चाने करावी, असे सम्राटाने अँथेमियसला लिहून दिले. चुना अजून पुरता वाळलाही नसेल, तोच दुरुस्तीची व्यवस्था लागली! ज्याने हे योजिले, त्याला भिंतीचा स्वभाव कळला होता. भिंत पुरी झाली त्या दिवसापासूनच ती झिजू लागते.

या दूरदृष्टीची कसोटी लवकरच लागली. ४४७ साली मोठा भूकंप झाला आणि ५७ बुरूज कोसळले. हूणांचा राजा अॅटिला त्या सुमारास याच प्रदेशावर चालून येत होता. नगरीत रथांच्या शर्यतींचे ‘निळे’ आणि ‘हिरवे’ असे दोन पक्ष होते. त्यांचे वैर इतके विकोपास जाई, की रस्त्यांत रक्त सांडे. परंपरा सांगते, की या संकटात दोन्ही पक्षांनी तटाच्या कामासाठी आपापली माणसे दिली. काम किती वेगाने झाले याला मात्र परंपरेचा आधार लागत नाही. साठ दिवसांत तट पुन्हा उभा राहिला, असा शिलालेख तटाच्या एका दरवाजावर अजून वाचावयास मिळतो. अॅटिला तटापर्यंत न येताच वळला.

पुढे ६२६ साली अव्हार व इराणी यांचा वेढा उठला; ७१७ साली आलेले अरबांचे अफाट सैन्य वर्षभर तळ देऊन ७१८ साली परत गेले. या दुसऱ्या विजयाचे श्रेय इतिहास सम्राट तिसरा लिओ यास देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या आधी दोनच वर्षे राज्य करून गेलेला अनास्तासिओस दुसरा हा सम्राट किती वाचकांना ठाऊक असेल? हा मूळचा दरबारातील लेखनिक. अरबांच्या तयारीची वार्ता लागताच त्याने जमिनीकडील व समुद्राकडील तट दुरुस्त करविले, गलबते बांधविली, कोठारे भरविली, आणि प्रत्येक नागरिकाने तीन वर्षांचे धान्य साठवावे, ज्यास ते साधणार नाही त्याने नगर सोडावे, असा हुकूम काढला. ७१५ साली सैन्याने बंड करून त्याला पदच्युत केले, आणि वेढा आला तेव्हा सिंहासनावर दुसराच कोणी होता. तट मात्र त्याने दुरुस्त केलेला होता. राखणाऱ्याच्या वाट्यास येणारे विस्मरण पाहावयाचे असेल, तर या अनास्तासिओसकडे पाहावे.

मग १४५३ चे काय? सुलतान दुसरा महंमद याच्यापाशी ऑर्बन नावाच्या हंगेरियन कारागिराने ओतलेली अजस्र तोफ होती. हा ऑर्बन आधी कॉन्स्टँटिनोपलच्याच सम्राटाकडे नोकरीस आला होता. पण त्याला देण्याइतका पैसा खजिन्यात नव्हता. ६ एप्रिलला वेढा पडला. दिवसा तोफा भिंत पाडीत, आणि रात्री नगरवासी लाकडे, माती, पिंपे जे मिळेल ते आणून खिंडार बुजवीत. एकेकाळी लाखोंनी वस्ती असलेल्या नगरीत त्या वेळी सुमारे पन्नास हजार माणसे उरली होती, आणि मैलोगणती तटावर लढणारे होते सुमारे सात हजार. तोफेने भिंत फोडली हे खरे. परंतु तत्पूर्वी भूकंपांनीही ती फोडली होतीच, आणि तेव्हा ती साठ दिवसांत उभी राहिली होती. या खेपेस ती उभी करावयास पुरेसे हात नगरीत उरले नव्हते. गंमत अशी, की नगर ताब्यात येताच खुद्द विजेत्या सुलतानाने तो तट दुरुस्त करविला, आणि त्याला जोडून ‘येदीकुले’ म्हणजे सात बुरुजांचा किल्ला बांधला. आपण फोडलेली भिंत आता आपणच राखावयाची आहे, हे त्याला ताबडतोब उमगले.

तटाकडून चर्चकडे वळावे तो हीच कथा पुन्हा भेटते. ५३२ सालच्या दंगलीत जुने चर्च जळून गेले. त्याच जागी जस्टिनियनने ‘हागिया सोफिया’, म्हणजे ‘पवित्र प्रज्ञा’, या नावाचे नवे चर्च बांधविले. ट्रॅलीसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर हे त्याचे दोन योजक भूमितिशास्त्रात निष्णात होते. सहा वर्षांच्या आतच, २७ डिसेंबर ५३७ रोजी, चर्चचा प्रतिष्ठापना-समारंभ झाला. चौरसावर गोल घुमट बसवावयाचा, तर चार कोपरे मोकळे राहतात. तेथे चार वळणदार त्रिकोणी भिंती उभारून घुमटाचा भार चार प्रचंड खांबांवर उतरविला. घुमटाच्या बुडाशी चाळीस खिडक्या ठेवल्या. सकाळचे ऊन त्यांतून आत आले म्हणजे सुमारे ३१ मीटर रुंदीचा तो घुमट अधांतरी तरंगल्यासारखा भासतो.

अशा वर्णनापाशी लेखक बहुधा थांबतात. आम्हांस पुढचे सांगावयाचे आहे. हा घुमट फार पसरट होता. पसरट घुमट खालच्या भिंतींना बाहेर रेटतो. वीस वर्षे गेली, भूकंप झाले, आणि ५५८ साली घुमटाचा मोठा भाग खाली आला. आधीच्या इसिडोरच्या पुतण्याने तो सुमारे वीस फूट अधिक उंच करून पुन्हा बांधला, म्हणजे रेटा बाहेर कमी आणि खाली अधिक पडावा. ९८९ च्या भूकंपात पश्चिमेकडील भाग पडला. तो त्रदात नावाच्या आर्मेनियन वास्तुकाराने दुरुस्त केला. १३४६ साली पूर्वेकडील भाग पडला. तोही पुन्हा बांधला गेला. तेव्हा आज जो घुमट मान वर करून पाहावयाचा, त्याचा काही अंश सहाव्या शतकातला, काही दहाव्या व काही चौदाव्या शतकातला आहे. ‘हा घुमट जस्टिनियनचा’ असे म्हणणे सोयीचे आहे. पण तितक्याच न्यायाने तो त्रदातचाही आहे.

१४५३ नंतर हे चर्च मशीद झाले. म्हणून त्याची देखभाल थांबली का? उलट सोळाव्या शतकात मिमार सिनान या तुर्की साम्राज्यातील श्रेष्ठ वास्तुकाराने त्याला बाहेरून भक्कम आधार दिले. १८४७ ते १८४९ या काळात सुलतानाने स्वित्झर्लंडच्या फोसाती बंधूंकडून मोठी दुरुस्ती करविली. गिलाव्याखाली सापडलेल्या ख्रिस्ती चित्रांची नोंद करून त्यांनी ती पुन्हा झाकून ठेविली. १९३१ पासून थॉमस व्हिटमोर या अमेरिकन संशोधकाच्या देखरेखीखाली ती उघडी करण्याचे काम चालले. १९३४ साली तुर्की सरकारने येथे संग्रहालय करण्याचे ठरविले, आणि २०२० साली येथे पुन्हा मशीद झाली. या शेवटच्या निर्णयावर जगात पुष्कळ वाद झाला. त्यातील एका पक्षाची वकिली करणे हा आमचा हेतू नाही. पण एक गोष्ट दोन्ही पक्षांनी मनावर घ्यावी, असे आम्हांस वाटते. ग्रीक, आर्मेनियन, तुर्क, स्विस, अमेरिकन अशा कितीएकांच्या श्रमाने जी वास्तू जिवंत राहिली, तिचा ताबा ज्याच्याकडे असेल तो आज मालक असला तरी उद्यासाठी केवळ राखणदार आहे. त्याचा हक्क तो तिला कसा सांभाळतो यावरून ठरावा.

राखणारे एका धर्माचे आणि मोडणारे दुसऱ्या धर्माचे, अशीही सोपी वाटणी येथे होत नाही. १२०४ साली ही नगरी पहिल्यानेच परक्या फौजेने लुटली, आणि ती फौज ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांची होती. त्यांनी चर्चमधील मौल्यवान वस्तू नेल्या, ब्राँझचे पुतळे नाणी पाडण्यासाठी वितळविले, आणि शर्यतीच्या मैदानावरील चार ब्राँझचे घोडे व्हेनिसला नेले. दुसरीकडे, पवित्र प्रेषितांचे चर्च, जेथे सम्राटांच्या समाध्या होत्या, ते दुसऱ्या महंमदाने पाडून तेथे आपली मशीद बांधविली, हेही सांगितलेच पाहिजे. जेथे हानी झाली तेथे तिचा कर्ता कोण, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु एकाच्या हानीचा दोष त्याच्या सगळ्या जातभाईंच्या माथी मारण्यातही न्याय नाही.

आता राहिले राजवाडे. वैभवाच्या हिशेबात पहिला मान त्यांचा असावयास हवा होता. शर्यतीच्या मैदानापासून मार्मारा समुद्रापर्यंत उतरत गेलेला ‘महाप्रासाद’ म्हणजे दालने, बागा, प्रार्थनागृहे आणि सज्जे यांचे एक स्वतंत्र नगरच होते. ९४९ साली इटलीहून आलेला ल्युतप्रांद नावाचा वकील लिहितो, की सिंहासनासमोर सोन्याचा मुलामा दिलेले झाड होते, त्यावरचे धातूचे पक्षी गात, सिंहासनाशेजारचे सिंह शेपटी आपटून गर्जना करीत, आणि आपण वाकून नमस्कार करून मान वर केली तो सम्राट सिंहासनासह पार छताजवळ पोहोचलेला! पाहुण्यास दिपविण्याची ही सर्व योजना होती.

त्यातले आज काय उरले? जवळजवळ काही नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून सम्राट नगरीच्या वायव्य कोपऱ्यातील ब्लाखेर्नाईच्या राजवाड्यात राहू लागले, आणि महाप्रासाद ओस पडत गेला. १२०४ नंतर राज्य करणाऱ्या पश्चिमी राजांपैकी शेवटचा दुसरा बाल्डविन इतका कंगाल झाला, की त्याने राजवाड्यांच्या छपरांवरचे शिसे काढून विकले. छपराचे शिसे गेले म्हणजे पावसाला वाट मोकळी झाली. १४५३ साली सुलतान तेथे आला, तेव्हा त्याला भग्न भिंतीच दिसल्या. समुद्रकाठचा काही उरलेला भाग एकोणिसाव्या शतकात लोहमार्गासाठी पाडला गेला. जी वास्तू एका माणसाच्या दिमाखासाठी असते, तिच्याकडे त्या माणसाने पाठ फिरविली म्हणजे तिला दुसरा वाली राहत नाही.

१९३५ साली आणि पुढे १९५० नंतर झालेल्या उत्खननांत या प्रासादाच्या एका अंगणाची फरसबंदी सापडली. ती रंगीत खड्यांच्या चित्रांनी भरलेली आहे. त्या चित्रांत सम्राट नाही. तेथे गाढवाला चारा देणारा मुलगा आहे, शेळीची धार काढणारा माणूस आहे, आणि काठीने चाके पळविणारी मुले आहेत. गाणारे पक्षी आणि गर्जणारे सिंह नाहीसे झाले. चाके पळविणारी मुले पंधराशे वर्षांनी तशीच धावत आहेत.

राजवाडा आणि चर्च यांतील हा फरक एकाच माणसाच्या आयुष्यात पाहावयास मिळतो. थिओडोर मेटोखिटेस हा चौदाव्या शतकाच्या आरंभीचा बडा प्रधान आणि मोठा विद्वान. त्याने आपला वाडा संगमरवराने सजविला, आणि ‘खोरा’ येथील जुन्या मठाचे चर्च स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून अप्रतिम चित्रांनी नटविले. मठाला त्याने आपले ग्रंथही दिले. १३२८ साली राज्यक्रांती झाली. जमावाने त्याचा वाडा लुटून उद्ध्वस्त केला. तो स्वतः हद्दपार झाला. पुढे परत आल्यावर त्याने आश्रय घेतला तो त्याच खोराच्या मठात, आणि तेथेच तो १३३२ साली वारला. वाड्याचा मागमूस नाही. चर्च पुढे मशीद झाले, मग संग्रहालय, आणि २०२४ पासून पुन्हा मशीद म्हणून उघडले. पण ते उभे आहे. स्वतःसाठी सजविलेले गेले, दुसऱ्यांसाठी दुरुस्त केलेले राहिले.

आमच्या मतावर एक आक्षेप येऊ शकतो. डागडुजीनेही वास्तूचा घात होतो, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे. गेल्या काही दशकांत थिओडोसियसच्या तटाच्या काही भागांत नव्या दगड-विटांचे असे बांधकाम झाले, की जुनी भिंत त्याखाली झाकून गेली, आणि तज्ज्ञांनी त्यावर टीका केली. १९८५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तरी ही आपत्ती टळली नाही. म्हणून राखणे आणि नवे करणे यांत भेद केला पाहिजे. त्रदातने पडलेला भागच तेवढा बांधला. उभा होता त्याला त्याने हात लावला नाही. फोसातींनी चित्रे झाकली, पण पुसली नाहीत. राखणाऱ्याच्या अंगी हा विनय नसेल, तर तो बांधणाऱ्याहूनही अधिक नासधूस करील.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत १४५३ साल विचारले जाईल, तेव्हा ते अवश्य लिहा. पण त्यासोबत ४४७ सालही ध्यानात असू द्या. जगात पहिला दगड बसविण्यासाठी समारंभ होतात आणि बांधणाऱ्यांच्या नावाच्या शिळा लागतात. गळके छप्पर वेळेवर शाकारणाऱ्यासाठी कोणी शिळा लावीत नाही. कॉन्स्टँटिनोपलच्या एका दरवाजावर मात्र नुसत्या दुरुस्तीसाठी एक शिळा लागली आहे, आणि ज्या सम्राटांचे राजवाडे मातीस मिळाले, त्यांच्या नगरीत ती अजून वाचता येते. आपल्या वाट्यास नवे काही बांधण्याचा योग येईल की नाही, हे कोणी सांगावे? वडीलधाऱ्यांनी बांधलेले एखादे घर, एखादी शाळा, एखादे ग्रंथालय राखण्याचा योग मात्र प्रत्येकाच्या वाट्यास येतोच. तो आला म्हणजे ते काम हलके समजू नये, एवढीच आमची विनंती आहे.